सहा गुडघ्यांच्या सासूबाई

कॉम्प्युटरवरच्या फायली आवळून लहान करण्यात आपला हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं जावईबापूंचं स्वतःबद्दल स्पष्ट मत होतं. रंगाच्या एका कंपनीत जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचं काम ते करत, आणि हापिसातली ही सवय घरी आणून त्यांनी बायकोच्या नाकी नऊ आणले होते. लग्नाचे फोटो बघायचे तर आधी एक गठ्ठा सोडावा लागे, त्यातून दुसरा निघे, दुसऱ्यातून तिसरा, आणि तिसऱ्यापर्यंत पोचावं तोवर फोटो बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन निघून गेलेले असत!

त्यामुळे सासूबाईंनी गुडघ्याच्या स्कॅनचा पेनड्राइव्ह थोरल्या जावयाला न देता त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा जावईबापूंना आकाश ठेंगणं झालं. सासूबाई आठवड्यापूर्वीच धाकट्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि दुखरा पाय स्टुलावर ठेवून सोफ्यावर बसून असत.

"हे काम तुम्हीच करायचं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "थोरल्यांना नको. त्यांना फार घाई असते."

"आई, तुम्ही निर्धास्त राहा!" जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. "असं पाठवतो, की डॉक्टर म्हणतील, कुणी पाठवलंय हे!"

काम तसं साधं होतं. गुडघ्याचे मोठे डॉक्टर दुसऱ्या गावी होते. स्कॅन आज पाचच्या आत त्यांच्या दवाखान्यात ईमेलनं पोचलं, तर ऑपरेशनचा नंबर याच महिन्यात लागणार होता. नाहीतर चार महिने थांबा! आणि आईचं कण्हणं ऐकून रात्ररात्र जाग्या राहणाऱ्या लेकीला चार महिने म्हणजे चार वर्षं वाटत होती.

"अहो, ताईचे मिस्टर लिंक करून पाठवतात ना, तशी पाठवा," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"लिंक? म्हणजे आईंचा गुडघा कुठल्यातरी परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवू? कुणीही येऊन बघेल!"

"आईचा गुडघा बघायला कोण येणार आहे?"

जावईबापूंनी कॉम्प्युटर सुरू केला. स्कॅन ईमेलमधून जाण्याजोगं नव्हतं, फार मोठं होतं. तेव्हा आवळणं आलं. पण आवळायचं कशात? झिपमध्ये, रारमध्ये, की सेव्हन-झिपमध्ये? बायकोला समजावं म्हणून त्यांनी रजईचं उदाहरण दिलं. रजई पिशवीत कोंबून कुणी वर नुसतं बसतं, कुणी वर उड्या मारतं, आणि कुणी आधी रजईतला कापूस पिंजून त्याची घडी घालतं.

"आणि रजई पोचवायची कधी?" बायकोनं विचारलं.

सकाळ झिपमध्ये गेली. फाईल जरा लहान झाली, पण जावईबापूंचं समाधान होईना. एवढ्यात साडूभाऊंचा फोन आला. साडूभाऊ म्हणजे थोरले जावई. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं.

"रार वापर, रार!" साडूभाऊ ओरडले. "मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय. चाळीस दिवस फुकट असतं."

"वर्षानुवर्षं? मग चाळीस दिवस संपले नाहीत?"

"संपले की! ते रोज पैसे भरायची आठवण करून देतं, मी रोज 'नंतर बघू' म्हणतो. आमचं छान जमतं. बरं, मी पाठवू का स्कॅन? पेनड्राइव्ह दे इकडे."

"काही गरज नाही!" जावईबापूंनी फोन ठेवला, आणि आता साडूभाऊंची पद्धत सोडून काहीही, असं ठरवून टाकलं. त्यांनी सेव्हन-झिप घेतलं. दाब सगळ्यात जास्त लावला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला, टेबल थरथरलं, दुपारचं जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं चाललेली!

शेवटी फाईल तयार झाली. झिपपेक्षा थोडीशीच लहान होती, पण जावईबापूंचे डोळे आनंदानं भरून आले. तरीही ती एका ईमेलमध्ये मावेना. मग त्यांनी तिचे सहा तुकडे केले, 'गुडघा १' ते 'गुडघा ६' अशी नावं दिली आणि सहा ईमेल रवाना केले. घड्याळात तीन वाजून गेले होते. सासूबाई शांतपणे स्वेटर विणत होत्या.

थोड्याच वेळात दवाखान्यातून फोन आला. पलीकडे तिथल्या फोन घेणाऱ्या बाई होत्या.

"नमस्कार. तुमच्या पेशंटना गुडघे किती?"

"म्हणजे?" जावईबापू गडबडले. "दोन! सगळ्यांना असतात तेवढेच!"

"मग आमच्याकडे सहा कसे आले?"

"अहो, तो एकच गुडघा आहे! त्याचे सहा तुकडे झालेत!"

पलीकडे बाईंचा श्वास अडकल्याचा आवाज आला. "सहा तुकडे? अहो, मग त्यांना तातडीनं घेऊन या! स्कॅन कसले पाठवत बसलात? चालतात तरी का त्या?"

"तुकडे गुडघ्याचे नाहीत हो, फाईलचे! ते जोडले की आख्खा गुडघा होतो. तुमच्याकडे सेव्हन-झिप आहे ना?"

"नाही. आणि इथल्या कॉम्प्युटरवर नवीन काही घालायची परवानगी नाही. साधं काहीतरी पाठवा. डॉक्टर पाचला घरी निघतात. मी त्यांच्या कानावर घालते."

हरकत नाही, जावईबापूंनी मनाला समजावलं, पेनड्राइव्हवर मूळ स्कॅन आहेच, साधी झिप करून पाठवू. त्यांनी पेनड्राइव्ह उघडला. तो रिकामा होता! काढून पुन्हा लावला. रिकामा! फुंकर मारून लावला. फुंकर मारलेला रिकामा पेनड्राइव्ह!

मग त्यांना आठवलं. सकाळी झिप करून बघताना त्यांनी स्कॅन पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर 'हलवलं' होतं, कारण एकच वस्तू दोन ठिकाणी असलेली त्यांना खपत नसे. सकाळची झिप नापसंत म्हणून कायमची पुसली होती. आणि आवळून झाल्यावर मूळ फायली काढून टाकायच्या का, या चौकटीत हापिसच्या सवयीनं बरोबरची खूण केली होती. म्हणजे आता जगात आईंचा गुडघा होता तो फक्त त्या सहा तुकड्यांत!

"मग तेच सोडा की," बायको म्हणाली. तिचा आवाज चढू लागला होता.

त्यांनी सोडायला घेतलं. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. कुणी परक्यानं गुडघा बघू नये म्हणून त्यांनीच तो लावला होता, आणि कुणाला ओळखता येऊ नये म्हणून डोळे मिटून कीबोर्डवर बोटं आपटत तयार केला होता.

"लिहून ठेवलाय ना कुठेतरी?"

"ठेवलाय तर! डॉक्टरांना शोधावा लागू नये म्हणून कॉम्प्युटरवरच एका चिठ्ठीत लिहून..." जावईबापूंचा आवाज बसला. "ती चिठ्ठी मी स्कॅनबरोबरच आत आवळली."

बायको खुर्चीवर बसली आणि तिचे डोळे भरले. "म्हणजे आईला पुन्हा स्कॅनच्या त्या नळकांड्यात झोपवायचं? आणि चार महिने थांबायचं?"

जावईबापूंनी बायकोचा वाढदिवस टाकून पाहिला, लग्नाची तारीख टाकून पाहिली, घाबरून साडूभाऊंचं नावसुद्धा टाकून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात सासूबाई पाण्यासाठी उठल्या. एक हात भिंतीला, एक खुर्चीच्या पाठीला, असं करत त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. त्यांच्याकडे बघून जावईबापूंना स्वतःची लाज वाटली. या बाईनं विश्वासानं एक काम सांगितलं, आणि आपण मात्र आपलीच हौस भागवत बसलो! त्यांनी धावत जाऊन पाणी आणलं आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"आई, माझं चुकलं. स्कॅन गेलं."

"गेलं? अगदी पूर्ण?"

"पूर्ण."

"अहो, मग एवढं काय मनावर घेता!" सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माणसाकडून होतं असं. तुम्ही चहा घ्या. चार महिने काय, बघता बघता जातील."

काय हे मन! स्वतःच्या आईनंही जावईबापूंना एवढ्या सहज कधी माफ केलं नव्हतं.

पाचला थोडा वेळ उरला असताना फोन वाजला. दवाखान्यातल्याच बाई होत्या. जावईबापूंनी फोन कानाला लावला, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. "हो... हो... काय सांगता!" फोन ठेवून ते ओरडले, "झालं! झालं काम!"

"कसं झालं?"

"आपले सहा ईमेल बघून डॉक्टर चक्रावले! एका गुडघ्याचं एवढं काय पाठवलंय, केस नक्की गंभीर दिसते, असं म्हणून त्यांनी स्वतः स्कॅनवाल्यांना फोन केला. त्यांच्याकडे सगळं असतंच, त्यांनी लगेच पाठवून दिलं. ऑपरेशन अगदी छोटं आहे, दुसऱ्या दिवशी घरी! आणि परवा सकाळचा पहिला नंबर आपला! फक्त उद्या रक्ताचे रिपोर्ट पाठवायचेत." जावईबापूंनी कॉलर ताठ केली. "माझे सहा ईमेल गेले नसते, तर डॉक्टरांनी स्वतः लक्ष घातलं असतं का? सांगा ना, आई!"

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. स्वेटर मांडीवरून घसरून खाली पडला, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"परवा?" त्या म्हणाल्या. "म्हणजे... या परवा?"

"हो, आई!"

"अहो, काय करून बसलात हे!" सासूबाईंना रडूच फुटलं. "मला भीती वाटते त्या ऑपरेशनची! सुरी नुसती डोळ्यांपुढे आली तरी पळून जावंसं वाटतं! म्हणून तर थोरल्यांना न देता तुम्हाला दिलं होतं. म्हटलं, यांच्या हातात गेलं की ते काही पोचत नाही!"

बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते, पण रडण्यानं नव्हे.

जावईबापूंनी खाली वाकून स्वेटर उचलला आणि ते सासूबाईंच्या शेजारी बसले. "आई, मी येईन ना बरोबर," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तुमचा हात सोडणार नाही."

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला.

"ते रक्ताचे रिपोर्ट पोचल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत ना?"

"छे, नाही करत."

"मग ते तुम्हीच पाठवा," सासूबाई म्हणाल्या. "आणि घाई करू नका हं. सगळ्यात चांगली पद्धत कुठली, ते अगदी नीट बघून ठरवा."