शांतता राखा, ग्रंथपाल वाजत आहेत

ग्रंथपालांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतःहून घेतले होते, आणि हा त्यातला एक असल्यामुळे तो अंगाशी येणार हे उघडच होतं. सात वर्षांची लेक अजून अंथरूण ओलं करायची. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं यंत्र चार दिवस घरात पडून होतं: चड्डीला लावायचा चिमटा, त्याला वायर, वायरीला काडेपेटीएवढी डबी. जराशी ओल लागली की डबी किंचाळते, मूल जागं होतं आणि हळूहळू सवय मोडते. आधी दिवसा सराव करा, असं बाईंनी बजावलं होतं.

लेकीने हात मागे बांधले. "आधी बाबा लावेल. आणि कुणाला सांगायचं नाही. शाळेत कळलं तर मी शाळेतच जाणार नाही."

"शप्पथ!" म्हणत ग्रंथपालांनी चिमटा लावून घेतला. (बायको म्हणाली, "अहो, नुसता शर्टाला लावा की." पण नाही, शास्त्रशुद्ध म्हणजे शास्त्रशुद्ध, हा निर्णय त्यांचा स्वतःचा!) तेवढ्यात घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ते तसेच पँट चढवून कामाला पळाले.

त्या दिवशी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड माळ्यावर चढवायचे होते. चौथ्या खेपेला घामाची धार कमरेखाली उतरली, आणि वाचनकक्षात, 'शांतता राखा' या पाटीखाली, खुद्द ग्रंथपाल वाजू लागले.

"आग! आग!" शिपाई ओरडला.

"आग नाही हो!" ग्रंथपाल काचेच्या कपाटाआड धावले. गजर थांबवायचा तर चिमटा काढायला हवा, आणि चिमटा कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक. त्यांची ती झटापट तीस-चाळीस वाचकांनी पुस्तकं मिटून पाहिली. साध्या खोकल्याबद्दल ज्यांना अकरा वर्षं दटावलं, तीच ही माणसं! शेवटी गजर थांबला, पण डबी शर्टाबाहेर लोंबू लागली. एका निवृत्त नर्सबाईंनी ती ओळखली.

"अहो, हे तर अंथरुणात शू होणाऱ्यांचं! कुणाचं हो?"

'मुलीचं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो उच्चारला की सुटका होती. पण नर्सबाईंच्या शेजारीच लेकीच्या वर्गशिक्षिका बसल्या होत्या.

"माझं," ग्रंथपाल म्हणाले.

इतकी शांतता त्या वाचनालयात पूर्वी कधीच झाली नव्हती.

दुपारी शिपायाने त्यांच्या खुर्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरला. ग्रंथपाल निमूट त्यावर बसले. लाजेने मान वर होत नव्हती. आपली पोर रोज सकाळी अशीच मान खाली घालून उठते, हे मात्र त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी त्यांनी लेकीला जवळ घेतलं. "तुझं गुपित कुणाला कळलं नाही हं. तुझ्या बाईंसमोर मी सांगून टाकलं, यंत्र माझं आहे म्हणून."

"बरं झालं," चित्र रंगवता रंगवता लेक म्हणाली. "परवा मैत्रिणीने ते आपल्याकडे बघितलं ना, तेव्हा मीपण तेच सांगितलं, बाबाचं आहे म्हणून. तिने सगळ्या वर्गाला सांगितलं. फक्त बाईंचाच विश्वास बसत नव्हता."