पिस्तूल चौकशीला आलं

खटावकर भाऊजींची चौकशी करायला पिस्तूल आमच्याकडे आलं, तेव्हा मी ओट्याशी शेंगा सोलत होते. रिक्षावाल्यानं त्याला व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठेवलं, हात जोडले आणि तो कोपऱ्यावर तंबाखू मळत उभा राहिला.

आमच्या भागात वापरलेलं पिस्तूल विकायचं म्हणजे घेणारा आणि देणारा यांचं जमून भागत नाही. पिस्तूल स्वतः घेणाऱ्याच्या शेजारी जाऊन चौकशी करतं. नवीन पिस्तुलांना ही सवलत नाही. त्यांना अनुभव नसतो, ती देतील तिकडे जातात. वापरलेल्याचं तसं नसतं. त्यानं एक घर पाहिलेलं असतं.

हे सुभेदार घोरपड्यांचं. सुभेदार दिवाळीनंतर वारले. त्यांच्या सुनेला ते घरात नको होतं आणि आमच्या शेजारच्या खटावकर भाऊजींना हवं होतं. हे मला आधीच कळलं होतं. कसं, ते विचारू नका. त्यांची आणि आमची भिंत एकच आहे.

"बसा ना नीट," मी म्हटलं आणि त्याच्या पाठीशी उशी दिली.

"असू दे काकू. गोळ्या घरी ठेवून आलोय," ते म्हणालं. चौकशीला जाताना पोट रिकामं ठेवायची त्यांच्यात पद्धत असते.

दिसायला साधंच होतं. काळा रंग कडेनं उडालेला, मुठीवर प्लास्टिक. माझी नजर त्याला कळली असावी. "मी हलक्यातलंच आहे," ते म्हणालं. "तेव्हा सुभेदारांना भारीतलं परवडत नव्हतं. अर्धस्वयंचलित आहे मात्र."

"म्हणजे कसं?"

"पुढची गोळी मी आपली आपण जागेवर आणतो. उडवायचं मात्र दर वेळी माणसानंच."

"आमच्या ह्यांचं असंच आहे," मी म्हटलं. "ताटावर आपले आपण येऊन बसतात. पुढचं सगळं मी."

त्याला हसू आलं असेल तर दिसलं नाही. मी चहा केला. पिस्तूल चहा घेत नाही, पण कप समोर ठेवावा लागतो, कारण चौकशी दोनदा होते. एकदा चहा ठेवून आणि एकदा चहाशिवाय. चहावर माणूस गोड बोलतो, म्हणून दुसरी फेरी. हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या फेरीत मी गोडच बोलले. मुलीकडच्यांनी शेजारच्या मुलाबद्दल विचारलं की आपण काय सांगतो? निर्व्यसनी आहे, आईवर जीव आहे, घर माणसांनी भरलेलं आहे. तोंडाला वळणच पडलेलं असतं.

"माणूस सोन्यासारखा," मी म्हटलं. "भूमापन खात्यात होते. आवाज चढलेला कधी ऐकला नाही. दार उघडं असतं. येणंजाणं सतत. घर कसं भरलेलं."

"मंडळी?"

"सुलभावहिनी गेल्या, त्याला झाली वर्षं. पण नातेवाईक पुष्कळ."

पिस्तूल म्हणालं, "बरं वाटलं. सुभेदारांकडे मी कपाटात असायचो, मोज्यांच्या खणात. खंडेनवमीला बाहेर काढायचे, हळदकुंकू लावायचे, परत खणात. एकदा फक्त रानडुकरावर नेलं. नेम त्यांचा चुकला, पण घरात सगळे माझ्याकडे बघून बोलायचे."

"मग आता कसं घर हवंय तुम्हाला?"

"माणसांचं," ते म्हणालं. "एकट्या माणसाकडे आमच्यातलं कुणी जात नाही."

"का बरं?"

"त्याचं आणि आमचं फार लवकर जमतं, काकू."

रिक्षावाल्यानं त्याला उचललं. उद्या दुपारी परत येतो, असं सांगून ते गेलं. समोरचा कप गार झाला होता. तो मी तसाच प्यायले.

संध्याकाळी वाटीभर शेंगांची आमटी घेऊन मी शेजारी गेले. भाऊजींनी दार उघडलं आणि माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"या या, वहिनी. चौकशी आली होती म्हणे तुमच्याकडे?"

"आली होती. चांगलंच सांगितलंय."

त्यांचा चेहरा उजळला. मला हाताला धरून नेल्यासारखं त्यांनी आतल्या खोलीत नेलं. कपाटातला मधला कप्पा रिकामा केलेला, त्यात सुलभावहिनींच्या करड्या शालीचा चौकोनी तुकडा घडी घालून ठेवलेला. शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली.

"खणात नाही ठेवायचं," ते म्हणाले. "इथं उजेड येतो. सकाळी पेपर वाचताना टेबलावर घेईन."

"चोरांची भीती वाटते का भाऊजी तुम्हाला?"

"कसले चोर. एवढी वर्षं राहतोय, चोरसुद्धा आला नाही." त्यांनी शालीची घडी पुन्हा नीट केली. "परवाना असला की हवालदार बघायला येतो. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला बोलावतात, मग परत न्यायला बोलावतात. कुणीतरी विचारतं, आहे का, नीट आहे का."

"पिस्तुलाबद्दल विचारतात."

"मग काय झालं," ते म्हणाले. "उत्तर मीच देणार ना."

मी आमटी ओट्यावर ठेवली. तिथं एक ताट, एक वाटी आणि एक पेला उपडा घातला होता. बाकीची भांडी वर फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल आलं. मी गॅस पेटवला नाही.

"काल तुम्ही घर भरलेलं म्हणालात," ते म्हणालं.

"म्हणाले होते."

"कोण कोण येतं?"

मी पदराला हात पुसत राहिले. भाऊजींचा उजळलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगितलं तर तो कप्पा रिकामाच राहणार. कालचंच सांगितलं तर तो भरणार, आणि सकाळी पेपर वाचताना ते दोघं टेबलाशी बसणार, फार लवकर जमणारे.

"गॅसवाला येतो," मी म्हटलं. "तोही फार दिवसांनी. एकट्याला टाकी पुरते."

"आणखी?"

"आणखी नाही."

"आणखी काय ठाऊक आहे तुम्हाला?"

"बाहेरून आले की कुलूप काढायच्या आधी स्वतःच्या दाराची बेल वाजवतात. एकदाच. मग थोडं थांबतात आणि किल्ली लावतात."

"कशासाठी?"

"बेल चालते का बघत असतील."

"काकू, आज चहा नाहीये," पिस्तूल म्हणालं.

मी मान हलवली. तेवढं त्याला पुरलं. त्यानं रिक्षावाल्याला हाक मारली आणि मला शेजारी सोड म्हणालं. नकार कळवायला पिस्तुलं स्वतः जातात. तेवढं मात्र त्यांचं चांगलं आहे. माणसांसारखं पत्रिका जुळत नाही असं निरोपानं सांगत नाहीत.

भिंतीला कान लावून काही उपयोग झाला नाही. पलीकडे कुणी मोठ्यानं बोललंच नाही. थोड्या वेळानं भाऊजी कंपाउंडच्या भिंतीशी आले.

"वहिनी, तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"बेलचंही?"

"हो."

"म्हणजे ऐकू येते तुमच्याकडे."

"स्वच्छ येते."

त्यांनी भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडलं. रागावलेले दिसत नव्हते. खात्यातला माणूस हद्द कुठं चुकली ते बघतो ना, तसं बघत होते.

"मग आला का नाहीत कधी?"

"बेल तुमच्या दारावर वाजत होती, भाऊजी," मी म्हटलं. "माझ्या नाही."

त्यांनी मान हलवली. त्यात चूक काढण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं. "रिक्षावाला भाडं सोडून यायला गेलाय," ते म्हणाले. "तोवर ते इथंच आहे. पाहुण्याला एकटं बसवणं बरं दिसत नाही. या."

मी गेले. पिस्तूल टेबलावर उजेडात ठेवलं होतं. भाऊजींनी फळीवरून दोन वाट्या काढल्या, त्यांच्यावरचा कागद सोडवला आणि कालची आमटी गरम करून वाढली. पिस्तुलापुढं रिकामी वाटी ठेवली. आम्ही तिघं बसलो.

"आता कुठं बघणार?" भाऊजींनी विचारलं.

"बाजारपेठेत अडत्यांकडे. एकत्र कुटुंब आहे. दोन सुना, नातवंडं, कुत्रा."

"चांगलं आहे. रमशील तू. पण मुलांच्या हाती लागू नकोस."

"तिजोरीत ठेवणार आहेत."

"तिजोरीत," भाऊजी म्हणाले. "अंधार असेल."

"सवय आहे मला."

भाऊजी उठले, आत जाऊन शालीचा तुकडा घेऊन आले आणि पिस्तुलाखाली अंथरून चारी कोपरे त्याच्यावर घेतले. ते नको म्हणालं नाही. मीही नको म्हटलं नाही, जरी ती शाल मी सुलभावहिनींबरोबर जाऊन घेतली होती.

रिक्षा आली. भाऊजींनी त्याला दोन्ही हातांत धरून फाटकापर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर मधोमध ठेवलं. मी बरोबर होते.

आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. परत यायचं नसलं तरी 'येतो' म्हणतात. मीही निरोपाला तेच ऐकायच्या तयारीनं उभी होते.

"खटावकर साहेब," शालीतून आवाज आला, "जातो मी."

रिक्षावाल्यानं चमकून मागे पाहिलं. भाऊजींनी एक हात फाटकावर ठेवला.

"जा," ते म्हणाले.

मग ते आणि रिक्षावाला दोघंही माझ्याकडे बघत थांबले, म्हणून मीही म्हटलं, "जा."