पुस्तिकेतला एकुलता उपवर

माणसाला निवड करायला लावणे हे निर्दयी काम असून ते संस्थेमार्फतच झालेले बरे. आमचे मंडळ अकोल्यात बावीस वर्षे परिचय मेळावे भरवून ते निष्ठेने करीत आहे. वार्षिक सरासरी: उपवर चारशे, उपवधू तीनशे, लग्ने दोन (पैकी एक आधीच ठरलेले).

यंदा अध्यक्ष खुशालरावांच्या अमरावतीच्या भाच्याने, अमोलने, उपवरांच्या पुस्तिकेसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. एकेक अर्ज वाचायचा आणि पुस्तिकेच्या फाइलमध्ये उतरवायचा. प्रोग्रामने चारशे बारा अर्ज वाचून ‘काम यशस्वी’ असे जाहीर केले, तक्रार एकही नाही. असा कर्मचारी मंडळाला आजवर लाभला नव्हता.

मेळाव्याच्या सकाळी पुस्तिका वाटली. पदाधिकाऱ्यांची मनोगते पंधरा पाने असल्याने ती हातात जाडच लागत होती. सोळाव्या पानावर एकच उपवर होता: विपुल, तेल्हारा, वय छत्तीस. मेळावा नववा. यंदा जमले नाही तर पुन्हा येणार नाही, असे आईला सांगून त्याने सर्वांत शेवटी अर्ज दिला होता.

“बाकीचे कुठी गेले बे?” खुशालराव गरजले.

तत्काळ पाच जणांची शोध-समिती नेमली. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला आणि मूळ अर्ज कपाटात सुरक्षित असल्याचा अहवाल दिला (तो कोणी मागितला नव्हता).

शेवटी अमोललाच सापडले. “मामा, म्या दर अर्जाले फाइल नव्यानं उघडून राहिलो होतो, तेबी ‘डब्ल्यू’ लावून. तशी उघडली का मागचं सारं पुसल्या जाते. ‘ए’ लावला का मागच्याले जोडत जाते.”

“मंग लाव ना बाप्पा!”

“लावतो. पण छापाले दोन घंटे लागतीन.”

दोन तास सारा मंडप एकच पान वाचत बसला. उलटायला पुढचे पान नसल्याने विपुलचा अर्ज नऊ वर्षांत प्रथमच शेवटपर्यंत वाचला गेला. ‘आवड’ या रकान्यात लिहिले होते: विहिरीवरची मोटर दुरुस्त करणे आणि भाकरी.

बार्शीटाकळीची पौर्णिमा पाच मेळाव्यांत एकशे सत्तर स्थळे नाकारून आली होती. ती हसली आणि थेट विपुलपुढे जाऊन उभी राहिली.

“भाकर खाता का करता?”

“करतो बी.”

“मंग माह्या बाबाले भेटा.”

खरे सांगतो, मला फार आनंद झाला. दोन वाजता दुरुस्त पुस्तिका आली. चारशे बारा उपवर पाहून लोक भराभर पाने उलटू लागले आणि “अजून पाहू” म्हणत आपापल्या घरी गेले.

मंडळाने अमोलची दुरुस्ती एकमताने रद्द केली असून पुढच्या वर्षी ‘डब्ल्यू’च राहील. कोणाला हा अन्याय वाटत असल्यास त्याने हरकत नोंदवण्यापूर्वी घरी एकदा विचारून यावे: आपल्याला होकार मिळाला, त्या दिवशी यादीत दुसरे कोण होते?