बद्रीनाथ सरांची वीज

"जालन्याचं लोडशेडिंग माझ्या ह्या डबीत संपणार!" बद्रीनाथ सरांनी आल्यागेल्याला आठवडाभर ऐकवलं होतं. डबी फोटोच्या रोलची, आत चिमूटभर काळी पूड. पण साधी पूड नव्हे हो! केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या, अन् त्यांच्यावर बसवलेले प्लॅटिनमचे कण. ही पूड सेलमध्ये लावायची, हायड्रोजन सोडायचा, की वीज तयार! सहा महिने खपून केलेली. आज विद्यापीठाच्या शरयू मॅडम तपासायला येणार होत्या. सेलच्या विजेवर छोटा पंखा फिरला तर सरांची पीएचडी पुढं, न्हाई तर नोंदणीच रद्द.

सकाळी घरातल्या भिंतीच्या देवळीतली डबी खिशात टाकून सर घाईघाईनं कॉलेजात पोचले. पूड स्पिरिटात कालवली, ब्रशनं कागदावर दोन थर दिले, सेल आवळला. मॅडम आल्या. सरांनी हायड्रोजन सोडला.

अंगठ्याएवढा पंखा ढिम्म!

"जरा गरम व्हायचाय, मॅडम."

दहा मिनिटं झाली. गरम झाले ते सरच! मॅडमनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात सरांचा मोबाईल वाजला. घरून साळूआत्या, कालच पिंपळगाव रेणुकाईहून आल्ती. सर फोन घेऊन बाहेर पळाले.

"बदरी, माझी मिश्री कुणी बदलली रे? सकाळधरून दात घासून राह्यले, तल्लफच भागंना!"

"आत्या! तुझी डबी कसली होती?"

"फोटोच्या रोलची. देवळीत ठेवल्ती."

"मंग आता ती पूड कुठंय?"

"उकिरड्यावर फेकली! वर चूळ भरली!"

सरांनी फोन बंद केला. प्लॅटिनम उकिरड्यावर, अन् सेलमध्ये आत्याची भाजलेल्या तंबाखूची मिश्री!

आत येऊन बघतात तो मॅडमनी सेल उघडलेला, कागद नाकाशी. झालं! संपलं सगळं! सगळं कबूल करावं म्हणून सरांनी तोंड उघडलं, पण मॅडमचे डोळे मिटलेले.

"भाजणी बराबर जमलीय," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाच्या हातची?"

"आ... आत्याच्या."

मॅडमनी दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. डबीतली उरलेली चिमूट रुमालात बांधून त्यांनी पर्समध्ये टाकली, अन् शेरा लिहिला, 'काम आशादायक. सहा महिने मुदतवाढ.'

जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी नमुना जरा जास्त ठेवा."

त्याच दुपारी सरांनी पावशेर तंबाखू घेतला अन् आत्याच्या तव्याशी जाऊन बसले. नळ्यांचं काय, होतील सावकाश!