फ्रेममधला नेम

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या प्रत्येक मजकुराला मी न वाचता अंगठा दाखवतो. कुणाला वाईट वाटू नये, एवढाच हेतू. (एकदा निधनाच्या बातमीला अंगठा गेला. त्या घरासमोरून मी अजूनही तोंड फिरवून जातो.) जूनमध्ये आमच्या अमरावतीच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या ग्रुपवर ललितचा मेसेज आला. ललित माझा वर्गमित्र आणि मंडळाच्या रायफल संघाचा कॅप्टन. मी सवयीने अंगठा दाबला आणि जिल्हा परिषदेतल्या माझ्या आवक-जावक टेबलावर पुढचं पाकीट फोडायला घेतलं. संध्याकाळी यादी आली: 'यंदाच्या सामन्यांसाठी नवीन नेमबाज, शेखर.'

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवत बसायला नको. कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. दिवाळीत चार दिवस कानात कापूस असतो आणि फुगा फुगवणाऱ्या माणसाच्या जवळ मी उभासुद्धा राहत नाही. मी लगेच ललितला फोन केला.

"अबे, छऱ्याची बंदूक हाय ते," ललित म्हणाला. "जत्रेत फुगे फोडतात तशी. त्याले काय भ्या लागते?"

"मले फुग्याचंच भ्या वाटते."

"मस्त. मंग फुगे नसतात तिथं."

मी नाव मागे घेतलंही असतं. पण तोवर माझी बायको ज्योत्स्ना हिने अकोल्याला वडिलांना फोन करून टाकला होता. तिचे वडील पंजाबराव, म्हणजे माझे मामाजी, अकोल्याच्या त्यांच्या शाळेच्या मंडळाकडून चाळीस वर्षं नेमबाजी करत होते. दोन्ही मंडळांत दर वर्षी चार सामने होतात, दोन तिकडे आणि दोन इकडे. मामाजी कमी बोलणारे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण माझ्याशी त्यांची दोनच वाक्यं होत: गेलो की "आले काय?" आणि उठलो की "निघाले काय?" त्या दिवशी मात्र त्यांनी मला फोनवर बोलावून घेतलं आणि म्हणाले, "जवाईबापू, आता तुमच्याशी बोलाले कायतरी झालं."

चौदा वर्षांनी मिळालेलं तिसरं वाक्य होतं ते. परत कसं करणार?

पहिला सामना अकोल्याला होता, आणि तो नेमका धोंड्याच्या महिन्यात आला. म्हणजे सकाळी नेमबाजी आणि दुपारी सासुरवाडीला धोंड्याचं जेवण. त्यांच्या शाळेच्या मागच्या लांब खोलीत सामना होता. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला कागद, कागदांच्या मागे पत्रा. प्रत्येकाने आधी तीन छर्रे सरावाचे मारायचे, ते बाजूच्या वेगळ्या कागदावर, आणि मग सामन्याचे तीस. चिठ्ठ्या टाकल्या. मला पाच नंबर आला, मामाजींना सहा. सासरा माझ्या उजव्या हाताला, हाताच्या अंतरावर, बंदूक घेऊन उभा.

घोडा ओढताना माझे डोळे आपोआप मिटतात, हा शोध मला तिथे लागला. पहिला छर्रा सुटला आणि पत्रा वाजला, टण्ण. दुसऱ्यालाही टण्ण. कागदाला लागलं की 'टप' असा बारीक आवाज येतो, हे मला शेजारच्या लोकांमुळे कळलं. माझ्याकडून मात्र शेवटपर्यंत पत्राच वाजला. मी देवाचं नाव घेत, घाम पुसत, डोळे मिटून तेहतीसच्या तेहतीस छर्रे संपवले आणि लाज झाकायला बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

परत आलो तर ललितने मला उचलूनच घेतलं. पाच नंबरचा कागद मधोमध चाळणी झाला होता. छर्रे सगळे एका जागी, मधल्या ठिपक्याच्या किंचित डावीकडे आणि वर. मोजणाऱ्या सरांनी तीसपर्यंत मोजलं आणि थांबले. सामना तीसचाच होता. आणि शेजारचा सहा नंबरचा कागद? कोरा करकरीत.

"पंजाबरावले भोपळा," अकोल्याचा कुणीतरी हळूच म्हणाला. सगळे मामाजींकडे पाहू लागले. त्यांनी बंदूक पुसली, पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "चाला, जेवाले."

मला सगळं तिथेच उमगलं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, नवा चष्मा, चुकून शेजारच्या कागदावर नेम धरला आणि शेवटपर्यंत तोच धरून राहिला. माझ्या कागदावरचं एकही भोक माझं नव्हतं. हे त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी, पण ललितने त्यात पेढा कोंबला.

दुपारी मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, पुरणाचे धोंडे वाढले, तेहतीस अनारशांचं ताट दिवा लावून माझ्या हातात दिलं, पायांवर पाणी घातलं. मामाजी समोर बसून मुकाट्याने जेवत होते. माझ्या घशाखाली अनारसा उतरत नव्हता. (चार उतरले. पण चवीने नाही.)

खरी भीती पुढे सुरू झाली. ज्योत्स्नाने तो कागद काचेची फ्रेम करून बैठकीत टांगला. आल्यागेल्याला ती फ्रेमपाशी नेऊन म्हणे, "पाहा, नेम कसा असते ते." माझं नाव घेत नसे. (नवऱ्याचं नाव कसं घेणार, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.) एके दुपारी घरात कुणी नसताना मी स्टुलावर चढून भोकं मोजायला लागलो. फाटलेल्या कडा धरून धरून एकतीसपर्यंत पोचलो आणि पुढे आणखी दिसताहेत हे पाहून खाली उतरलो. तीस छऱ्यांच्या सामन्यात एकतीसच्या वर भोकं! तेव्हापासून घरात पाहुणा आला आणि फ्रेमसमोर बोट उचलून उभा राहिला की मी जोरात चहा आणायला सांगत असे. काही जणांना तीन-तीन कप प्यावे लागले.

आणि तिकडे अकोल्याला मामाजींना संघातून काढलं. मंडळाचे सेक्रेटरी रामराव म्हणाले, वय झालं, नव्या पोरांना संधी देऊ. मामीजींचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो.

"बंदुकीले तेल लावलं अन् धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली," मामीजी सांगत होत्या. "सकाळी उठून तयार होतात, मंग कुठं जावं ते समजत नाही त्यायले. अंगणात बसून राह्यतात."

ज्योत्स्नाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पेपर उलटा धरला होता, तो सरळ केला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी असा माणूस आहे.

दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात बंदुकीची नळी मधून वाकवून छर्रा भरताना माझा अंगठा सापडला. ओरडलो खरा, पण मनातून आनंदच झाला. अंगठ्याला पट्टी, सामन्यातून सुटका. (न्याय असा की ज्या अंगठ्याने सुरुवात केली त्यालाच शिक्षा झाली.) तिसऱ्या सामन्याच्या वेळी गावात डोळ्यांची साथ होती. मला ती आली नाही, म्हणून मी काळा चष्मा घालून ती आल्याचं सांगितलं. तो सामना झाल्यावर ललित म्हणाला, "शेवटच्या सामन्याले तू पायजेच. एक त्यायनं जिंकला, दोन आपण जिंकले, हा हरलो तर बरोबरीत जाईन."

शेवटचा सामना दसऱ्यानंतर अमरावतीला, आमच्याच शाळेत ठरला. आता आजारपणं संपली होती. आदल्या संध्याकाळी ज्योत्स्ना भाजी निवडत सहज म्हणाली, "उद्या बाबालेबी बोलावलं हाय पाहाले."

"काहून?"

"बसले राह्यतात अंगणात. जरासे फिरतीन."

मी सकाळी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि ठरवलं की आज सांगून टाकायचं. शौर्य म्हणून नाही. ज्या खोलीत सासरा मागे बसून माझा नेम पाहणार, त्या खोलीत थोड्या वेळाने सगळं आपोआपच कळणार होतं. म्हटलं, आपल्या तोंडाने कळलेलं बरं.

मामाजी माझ्या मागेच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, हात मांडीवर. "आले काय?" म्हणाले. आम्ही पुन्हा पहिल्या वाक्यावर आलो होतो. मला राहवलं नाही. मी ललितच्या हातून माईक घेतला.

काय काय बोललो ते नीट आठवत नाही. माईक दाताला लागत होता. म्हणालो, पहिल्या सामन्यात माझ्या कागदावरचं एकही भोक माझं नाही. मी डोळे मिटून पत्रा वाजवला. ते सगळे छर्रे मामाजींचे होते. भोपळा माझा होता, तो त्यांच्या नावावर गेला. दुसऱ्या दिवशीच सांगायला हवं होतं, मी घाबरलो. चार महिने एका म्हाताऱ्या माणसाची जागा मी खाल्ली.

मग टाळ्या वाजल्या. माझ्या लक्षात येईना. ललितचे डोळे पाणावले होते. रामराव पुढे आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सासऱ्याची लाज राखाले सोताच्या नावावर भोपळा घेऊन राह्यले. असा जवाई भेटाले नशीब लागते हो, पंजाबराव."

"अहो, मी खरं सांगून राह्यलो."

"तेच तं मोठेपन हाय," रामराव म्हणाले.

मी पाच नंबरच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. (चिठ्ठीतही पाचच आला होता.) या वेळी डोळे उघडे ठेवायचा फार प्रयत्न केला. पहिला, टण्ण. दुसरा, टण्ण. पाचव्या टण्णनंतर मागे कुजबुज झाली, बाराव्यानंतर कुजबुज थांबली. विसाव्यानंतर शेजारचे नेमबाज आपली बंदूक खाली ठेवून माझा पत्रा ऐकू लागले. तीसही छर्रे मी प्रामाणिकपणे पत्र्यावर पोचवले. दहा मिनिटं माईकवर बोलून जे कुणाला पटलं नाही ते तेवढ्यात सगळ्यांना पटलं. रामराव सरळ मामाजींच्या खुर्चीपाशी गेले, वाकले आणि म्हणाले, "भाऊ, चुकलं आमचं. पुढच्या सालापासून तुमची जागा तुमाले." मामाजींनी मान हलवली. ललित मात्र खिडकीबाहेर बघत होता. मालिका बरोबरीत गेली होती.

मी मामाजींच्या शेजारी जाऊन बसलो.

"मामाजी, माफ करा. तुमची चष्म्यामुळं चूक झाली अन् मी..."

"चूक कोनाची?" मामाजी म्हणाले. "चाळीस वर्सं झाली. सहा नंबर अन् पाच नंबर समजत नाही काय मले?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पयलाच छर्रा तुमचा पत्र्यावर गेला. पाह्यलं, डोये मिटेल, हात थरथर करून राह्यला. धोंड्याचा महिना. जवाई दारात आला, त्याले भोपळा घेऊन कसा पाठवाव? घरचं वाण मामीनं देल्लं, हे माह्याकडचं. तीस सामन्याचे अन् तीन सरावाचे. सरावाचेबी तुमच्याच कागदावर टाकले. तेहतीस भरले पायजेत ना."

"पण तुमची जागा गेली. तुमी बोलले काहून नाही?"

"वाण देऊन सांगत असतात काय?" ते म्हणाले. "वाटलं होतं, तुमी सांगसान दोन-चार दिवसांत. चार महिने लागले. जाऊ द्या, सांगलं तं सांगलं." मग उठता उठता म्हणाले, "पण धोंडा तीन वर्सांनी येते, जवाईबापू. तवरोक सराव करा."

घरी परतताना मी ऑटोत ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून हळूहळू सांगत होतो. ती रस्त्याकडे बघत होती.

"मले माईत होतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"कागद पाह्यला तवाच. बाबाचे छर्रे नेहमी थोडे डावीकडे अन् वर बसतात. लहानपनापासून तेच कागद पाहून राह्यली मी. तुमच्याच्यानं सुईत दोरा जात नाही, अन् इतके छर्रे एका जागी जातीन?"

"मग फ्रेम काहून केली?"

"बाबाचा नेम हाय तो. फ्रेम नाही करू?" ती म्हणाली. "मी कोनाले म्हटलं काय, तुमचा हाय म्हणून? तुमी कवा सांगता ते पाहून राह्यली होती."

म्हणजे चार महिने मी ज्या दोघांना भिऊन पाहुण्यांना चहा पाजला, त्या दोघांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. घरात ज्याला काही कळलं नव्हतं असा एकटा मीच होतो. ऑटोवाल्यानेही आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण त्याच्याशी मी बोललो नाही.

फ्रेम अजून बैठकीत तिथेच आहे. आता तिच्याखाली मामाजींचं नाव लिहिलेलं आहे. माझाही कागद मी शेवटच्या सामन्याची आठवण म्हणून घरी आणला होता. तो टेबलावरून कुठे गेला म्हणून दुसऱ्या दिवशी शोधत होतो, तेवढ्यात ज्योत्स्नाने पिशवी माझ्या हातात दिली आणि दिवाळीच्या किराण्याची यादी खिशात कोंबली. दुकानात जाऊन उघडली. कागद जाड होता, स्वच्छ होता, आणि एकही भोक नसल्यामुळे सगळी यादी त्यावर सरळ ओळीत मावली होती.