मेसेज मिळाला, म्हणून आलो

कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ टाकायची सोय राहिलेली नाही. टाकलंत, की दहा मिनिटांत दाराची बेल वाजते. दारात तळमजल्यावरचे करंदीकर काका उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. “मेसेज मिळाला, म्हणून आलो. सुप्रभात.” एवढं बोलून ते जिना उतरू लागतात. माझ्या बायकोने फुलांचे फोटो टाकणं त्यामुळेच बंद केलं.

काका मेसेज सगळे वाचतात, पण उत्तर टाइप करत नाहीत. विचारणारा माणूस आहे, तर सांगणाराही समोर दिसायला नको का, असं त्यांचं म्हणणं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, तेव्हा तारेवरून काय पोचतं आणि काय नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असंही वर ऐकवतात. विठ्ठलवाडीच्या एका मित्राने त्यांना एकदा मेसेज करून विचारलं, उद्या सकाळी घरी आहेस का, येतो म्हणतोय. हे गृहस्थ त्याच संध्याकाळी विठ्ठलवाडीला जाऊन “आहे” असं सांगून आले. मित्राने चहा पाजला, तासभर गप्पा झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी मित्र ठरल्याप्रमाणे कोपरीत हजर. यात काही विचित्र झालं असं दोघांपैकी एकालाही अजून वाटलेलं नाही.

वैताग येतो, नाही कशाला म्हणू? पण दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी काकू पडल्या, हाड मोडलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडले, गुलाब टाकले आणि आपापल्या कामाला लागलो. काका थर्मास घेऊन हॉस्पिटलात गेले आणि काकूंच्या सुनेला झोपायला घरी पाठवलं. तेव्हापासून मी त्यांच्यावर रागावणं सोडून दिलं.

त्यांचा मुलगा नितीन कॅनडात असतो. करंदीकर काकू गेल्यापासून काका एकटेच. यंदा डिसेंबरात नितीन येणार, ही बातमी त्यांनी अर्थातच घरोघरी जाऊन दिली होती. मागच्या आठवड्यात मला नितीनचा मेसेज आला. सुट्टी रद्द झाली होती, तसं त्याने बाबांना कळवलं होतं, त्यांनी ते वाचलंही होतं. पण उत्तर नाही, फोनही उचलत नाहीत. दादा, बाबा रागावलेत का, जरा बघशील?

या वेळी जिना मी उतरलो. नितीन काळजीत आहे, व्हिडिओ कॉल लावून देऊ का, असं विचारलं.

“नको,” काका म्हणाले. “त्यात मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, की त्याला मी खाली बघतोय असं दिसतं. हे काय बोलणं झालं?” मग त्यांनी एक खुर्ची ओढली. “तू बस समोर. नितीन म्हणून बस. मी काय ते सांगतो, तू त्याला कळव.”

मी बसलो. गुडघ्याला गुडघा लागला.

“रागावलेलो नाही रे,” ते म्हणाले. “नोकरी सांभाळ. पुढच्या वर्षी ये.”

झालं असं समजून मी उठायला लागलो, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

“बारीक झालास रे.”

गेल्याच महिन्यात मी सगळ्या पँटी उसवून कमरेत सैल करून घेतल्या आहेत.

“हो बाबा,” मी म्हणालो. “इकडचं जेवण मानवत नाही.”