गाळपेरावरचा मांडव

ज्या साली ज्ञानोबांच्या धाकट्या सुनेला जुळं झालं आणि घरात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईनासं झालं, त्या दोन हजार तेवीस सालची ही गोष्ट. त्याच साली थोरल्या लेकाची लेक शिवांजली हिचं लग्न ठरलं.

येरमाळ्यात मांडव घालावा तर ज्ञानोबांनीच! हे दुसरं कुणी म्हणायच्या आत ज्ञानोबाच म्हणून टाकायचे. "चाळीस वरसं मांडव घालतोय. वावटळ आली, वळीव आला, एकदा तर नवरदेवाचा मामा पिऊन खांबाला लोंबकळला. पर माजी मेख हलली न्हाय!"

शिवांजली पुण्यात नोकरीला होती. तिथंच तिला बसवराज भेटला. उमरग्याकडचा, लिंगायत घरातला. पोरगा चांगला, माणसं चांगली. घोडं अडलं ते लग्न लावणार कोण, यावर. ज्ञानोबांची भावकी म्हणाली, आमचे भटजी लावतील. बसवराजचे वडील महांतप्पा म्हणाले, आमचे जंगम लावतील. बैठक तीनदा बसली आणि तिन्हीदा नुसता चहा पिऊन उठली. शेवटी ज्ञानोबा आणि महांतप्पा हे दोघे व्याही एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग पोरांनीच वाट काढली. पुण्यात मंजुषाताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या कुठल्या देवळाच्या नव्हत्या की मठाच्या नव्हत्या. नवरानवरीला समोर उभं करायच्या, त्यांच्याच शब्दांत एकमेकांना वचनं द्यायला लावायच्या, झालं लग्न! आणि जागा? ना येरमाळा, ना उमरगा. दोन्हीकडच्यांना सारखीच परकी. कोकणात, समुद्राच्या काठावर!

"समुद्रावर लोक राख सोडाया जात्यात, लग्नाला न्हाय!" बलभीम म्हणाला. बलभीम म्हणजे ज्ञानोबांचा चुलतभाऊ. त्याला लग्नातलं जेवण आवडायचं, लग्न आवडायचं नाही.

पण भावकीत शेवटचा शब्द नागूबाईचा. ज्ञानोबांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि म्हणाली, "म्या येते समुद्रावर. डोळ्यानं बघते. मग सांगते लगीन लागलं का न्हाय."

ज्ञानोबा आक्काला ओळखून होते. आक्का "न्हाय" म्हणाली की संपलं. मग शिवांजलीला माहेरी ओटी भरायला कुणी बोलावणार नाही. गावदेवी येडेश्वरीच्या नैवेद्याला तिला हात लावू देणार नाहीत. पोरगी जिवंत असून पाहुणी होईल! म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं. लग्न कुणीही लावो, मांडव आपण असा घालायचा की आक्काला खोट काढायला जागाच उरू नये.

लग्नाच्या दिवशी सकाळी आठलाच ज्ञानोबा बांबू, दोर, मेखा आणि घण घेऊन किनाऱ्यावर हजर! मंजुषाताईंनी आदल्या दिवशी सुरूच्या झाडांजवळ चुन्याची फक्की मारून जागा आखून ठेवली होती. ज्ञानोबांनी तिथं पहिली मेख ठोकली. ती ताकात रवी फिरावी तशी गरगरली. दुसरी ठोकली. तीही तशीच.

"ही काय जमीन हाय?" ज्ञानोबा घण टाकून म्हणाले. "ह्यात मेख काय, माणूस बी उभा ऱ्हायचा न्हाय!"

मग त्यांनी समोर बघितलं. समुद्र लांब मागं सरकला होता आणि मधली सगळी जमीन ओली, सपाट, घट्ट. टाच मारली तरी खळगा पडेना. ज्ञानोबांचे डोळे चमकले.

"बलभीम, बघ! गाळपेर!"

आमच्याकडं तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीला गाळपेर म्हणतात. माणूस त्यात बिनघोर ज्वारी पेरतो, कारण एकदा मागं गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय परत फिरत नाही. कधी कधी तर पावसाळ्यातही फिरत नाही.

"पर दादा, त्या ताई म्हनत हुत्या, दुपारी पानी परत येतं," बलभीम म्हणाला.

"पाऊस हाय का? न्हाय. मग पानी येईल कुठून?"

"भरती का काय म्हनत्यात."

"भरती पुनवेला असती! आज कुठं पुनव हाय? ठोक मेख!"

दहापर्यंत असा मांडव उभा राहिला की खुद्द समुद्रानंही बघत राहावं. आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा, मधोमध बोहलं. साडेदहाला मंजुषाताई आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"आजोबा, मांडव इथं कुणी घातला?"

"आमीच! कसा हाय?"

"छान आहे हो. पण दीडच्या सुमाराला इथं पाणी येणार. ठरल्याप्रमाणं अकराला लग्न लागलं, तरच निभेल."

"लागलंच म्हना!" ज्ञानोबा म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं अकराचं लग्न अकराला लागतं का? लागलं तर लोक विचारतात, पोरगी पळून चालली होती काय! अकराला वऱ्हाड उठलं. बाराला नवरदेव निघाला. हलगी लागल्यावर महांतप्पांचे भाऊबंद नाचू लागले. ते बघून आमची पोरं इरेला पेटली. वाळूत नाचायचं म्हणजे पाय आत जातो, ओढून काढावा लागतो. शंभर पावलांना एक तास! मग फेटे आले. एका मामाला भगवा हवा, दुसऱ्याला तोच भगवा हवा. मंजुषाताई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायच्या आणि ज्ञानोबा दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "हे काय, झालंच!"

सव्वा वाजता नवरानवरी बोहल्यावर चढले. पुढ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नागूबाई. मंजुषाताईंनी वही उघडली तोच मांडवाच्या कडेला कुणाचीतरी चप्पल हळूच पुढं सरकली.

"पानी आलं!" बलभीम ओरडला.

दुसरीकडं अशी आरोळी झाली असती तर माणसं पळून गेली असती. पण आमच्या जिल्ह्यात नळ आठव्या दिवशी येतो. "पानी आलं" म्हटल्यावर माणूस पळतो तो पाण्याकडं! सुरूच्या सावलीत बसलेल्या बाया ताडकन उठल्या. कुणी बादली घेतली, कुणी आचाऱ्याचं पातेलं, एकीनं तर रुखवतातली कळशीच उचलली. महांतप्पांकडचे लोकही आमच्याच जिल्ह्याचे, ते मागं राहतात होय? बघता बघता दीडशे माणूस मांडवात घुसलं!

"ईऽ! खारं हाय की हे!"

"मग भरती कशाला गं?"

"ती भरतीया म्हून म्या बी भरते!"

तेवढ्यात मोठी लाट आली. बाया किंचाळल्या. सगळं वऱ्हाड बादल्यांसकट उलटं फिरलं आणि कोरड्या वाळूकडं पळत सुटलं. पन्नासेक चपलांचे जोड मात्र रांगेनं वरातीला निघाले. मांडवाचं कापड वाऱ्यानं फुगलं. एक खांब कलला, तो ज्ञानोबांनी मिठी मारून धरला. समोरचा कलला, तो धावत येऊन महांतप्पांनी धरला. दोन महिने न बोललेले व्याही गुडघाभर पाण्यात समोरासमोर!

"इवाई, सोडू नगा!" ज्ञानोबा ओरडले.

"तुमीच घातलाय, तुमीच धरा!" महांतप्पा ओरडले, पण त्यांनी खांब सोडला नाही.

"आक्का, चल गं! उठ!" ज्ञानोबांनी हाक मारली.

नागूबाईची खुर्ची चारी पायांनी वाळूत रुतली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. "लगीन लागल्याबिगर म्या हलायची न्हाय," ती म्हणाली.

मंजुषाताईंची वही भिजून तिचा लगदा झाला होता. त्यांनी ती कमरेला खोचली. "वाचायचं राहू द्या. एकमेकांचे हात धरा आणि जे मनात असेल ते बोला. लवकर!"

बसवराज म्हणाला, "शिवांजली, मी हात सोडणार नाही." दुसरं त्याला काही सुचलं नाही, कारण सोडला असता तर दोघंही आडवी झाली असती.

शिवांजली खांब धरलेल्या दोघांकडं बघून म्हणाली, "मी पण नाही. आणि तुमचे अण्णा नि आमचे आबा, दोघांनाही सांभाळीन."

हार घातले गेले. अक्षतांची परात केव्हाच वाहून गेली होती. काठावरच्यांनी हाताला लागली ती ओली वाळूच टाकली. ज्ञानोबांचे हात खांबाला गुंतलेले, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मग नवरानवरीनं नागूबाईला खुर्चीसकट उचललं आणि सुरूच्या झाडाखाली आणून ठेवलं. मागं मांडव आडवा झाला.

भावकी ओलीचिंब होऊन गोळा झाली. सगळ्यांत पुढं बलभीम, एका पायात चप्पल. "आक्का, आता बोला! भटजी न्हाय, जंगम न्हाय, मंगलाष्टका न्हायीत, तांदूळ बी न्हाय. ह्याला लगीन म्हनायचं का?"

ज्ञानोबांनी खाली मान घातली. चाळीस वर्षांत त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. पोरीचं वाटोळं आपणच केलं! त्या बाईच्या खुणेवर मांडव घातला असता तर काय बिघडलं असतं?

नागूबाईनं लुगड्याचं पाणी पिळलं. मग म्हणाली, "माज्या लग्नात भटजी हुता. वाजंत्री हुती. मंगलाष्टका तर संपता संपत नव्हत्या. मग गारा पडाय लागल्या आन् नवरा मला बोहल्यावर टाकून मामाच्या घरात पळाला. त्याला तुमी लगीन म्हनला. म्या बी जलमभर म्हनले."

तिनं नवरानवरीकडं बोट केलं.

"ह्यो पोरगा पळाला न्हाय. ही पोरगी बी पळाली न्हाय. उलट मला घिऊन आली. लागलं लगीन. वाढा आता, भूक लागली."

महांतप्पांनी ज्ञानोबांच्या पानात पहिली जिलेबी वाढली. "खावा इवाई. मांडव मातुर पुन्यांदा आमी घालू," एवढंच म्हणाले. ज्ञानोबांनी जिलेबी खाल्ली.

पुढं चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला घरचा नैवेद्य शिवांजली आणि बसवराज यांच्या हातून गेला. ताट नागूबाईनं स्वतः भरून दिलं होतं. नागूबाई त्याच वर्षी, दोन हजार चोवीसच्या जून महिन्यात, येरमाळ्यात राहत्या घरी वारली.